अस्वलाचं नाव घ्यायचं नाही

वाघ, लांडगे, कोल्हे, घोरपडे ही आडनावं आपल्या इतकी अंगवळणी पडली आहेत की समोरच्या माणसात आपण त्या प्राण्याला शोधत नाही. रशियन माणसाचं मेदवेदेव या आडनावाशी तसंच होतं. माजी अध्यक्ष दिमित्री मेदवेदेव किंवा टेनिसपटू दानील मेदवेदेव, दोघांच्याही आडनावात ‘मेदवेद’ बसला आहे. मेदवेद म्हणजे अस्वल. मराठीत आणायचं तर ‘अस्वले’ म्हणावं लागेल. २००३ साली युरोपातला सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरलेल्या चेक खेळाडू पावेल नेदवेदच्या आडनावातही तेच अस्वल आहे, फक्त तिथे ‘म’चा ‘न’ झाला आहे.

रशियनपासून स्लोव्हेनियनपर्यंत स्लाव्ह कुळातल्या बहुतेक भाषांत या प्राण्याचं नाव एकच, उच्चार थोडे वेगळे. रशियनमध्ये मेदवेद, चेकमध्ये मेदव्येद, स्लोव्हाकमध्ये मेदव्येद्य, स्लोव्हेनियनमध्ये मेदवेद, क्रोएशियनमध्ये मेदव्येद. युक्रेनियनमध्ये तोच शब्द आतून उलटा होऊन वेदमीद झाला. पोलिशमध्ये न्येजव्येच. या शेवटच्या शब्दाकडे पाहून कुणाला मेदवेद आठवणार नाही, पण जुन्या पोलिशमध्ये तोही ‘म’नेच सुरू व्हायचा.

या शब्दाचा अर्थ आहे ‘मध खाणारा’. तो कसा निघतो हे समजायला स्लाव्ह भाषा यायची गरज नाही. शाळेत यण् संधी शिकला असाल तर अर्धं काम झालेलं आहे.

मधु + अद्

स्लाव्ह भाषांत मधाला ‘मेद’ म्हणतात (रशियन उच्चार म्योद). हा आणि आपला ‘मधु’ एकाच मूळ शब्दाची लेकरं. मधापासून केलेल्या दारूला इंग्रजीत मीड म्हणतात, तो शब्दही याच घरातला. खाण्यासाठी स्लाव्ह धातू आहे ‘एद’. रशियनमध्ये अन्नाला ‘येदा’ म्हणतात. संस्कृतात हाच धातू ‘अद्’ म्हणजे खाणे. तो आपल्याला अनोळखी वाटतो, पण आपण तो रोज वापरतो, कारण ‘अन्न’ हा शब्द त्याच्यापासूनच झाला आहे. तैत्तिरीय उपनिषदात अन्नाची व्याख्याच अशी आहे: ‘अद्यतेऽत्ति च भूतानि तस्मादन्नं तदुच्यते’. जे खाल्लं जातं आणि जे प्राण्यांना खातं, ते अन्न.

आता हे दोन तुकडे जोडायचे. स्लाव्ह भाषा एकमेकींपासून वेगळ्या होण्याच्या बऱ्याच आधी मधाचा शब्द ‘मेदु’ होता, शेवटी ‘उ’. त्याला ‘एद’ जोडलं की उ आणि ए समोरासमोर येतात. असे दोन स्वर भेटले की काय होतं? मनु + अंतर = मन्वंतर, सु + आगत = स्वागत. ‘उ’पुढे वेगळा स्वर आला की ‘उ’चा ‘व’ होतो. पाणिनीने हे ‘इको यणचि’ या सूत्रात बांधलं आणि संस्कृत व्याकरणाच्या वर्गात त्याचं एक ठरलेलं उदाहरणही मधाचंच असतं: मधु + अरि = मध्वरि. ‘मेदु’ आणि ‘एद’ यांचं नेमकं हेच झालं. मेदु + एद = मेद्वेद.

पाणिनीचं सूत्र स्लाव्ह लोकांना माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. पण ‘उ’ म्हणता म्हणता तोंड लगेच दुसऱ्या स्वराकडे वळलं की मध्ये ‘व’ उमटतो, ही ओठांची सवय आहे. ती कुणी शिकवावी लागत नाही.

आणि हा शब्द संस्कृतातही आहे, जसाच्या तसा. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या १६४व्या सूक्तात एका झाडाचं वर्णन येतं: ‘यस्मिन्वृक्षे मध्वदः सुपर्णा निविशन्ते’. ज्या झाडावर मध खाणारे पक्षी बसतात, ते झाड. मधु + अद् = मध्वद्. घडण तीच, अर्थ तोच. आपल्याकडे ते पक्ष्यांचं विशेषण राहिलं, तिकडे ते अस्वलाचं नाव झालं.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी. पुढे स्लाव्ह भाषांत मधाच्या शब्दातला शेवटचा ‘उ’ आधी पुसट झाला आणि मग गळून पडला. मेदुचं मेद झालं. मराठीतही मधुचं मध झालंच की. म्हणजे आज रशियन माणूस मधाला नुसतं म्योद म्हणतो, तिथे ‘उ’चा मागमूस नाही. पण अस्वलाच्या नावातला तो ‘व’ म्हणजे त्या हरवलेल्या ‘उ’चाच ठसा. दगडात शिंपल्याचा ठसा राहतो आणि शिंपला विरून जातो, तसा.

‘वेद’चा मोह

इथे एक सापळा आहे. आपल्यासारख्यांना तो जास्तच गोड लागतो, म्हणून त्यावर थोडं थांबतो.

मेद + वेद असा शब्द फोडला तर? रशियनमध्ये ‘वेदात्’ म्हणजे जाणणे, आणि ते क्रियापद खरोखरच आपल्या ‘विद्’ धातूचं, ‘वेद’ शब्दाचं सख्खं भावंड आहे. मग मेदवेद म्हणजे ‘मध कुठे आहे हे जाणणारा’! अर्थ सुरेख जमतो. रशियात कितीतरी लोक आजही हेच सांगतात, आणि आपल्याकडच्या वाचकाला तर वेद दिसला की लगेच आनंद होतो. युक्रेनियन वेदमीद तर ‘वेद’नेच सुरू होतो, मग काय विचारता.

पण हे खरं नाही. ‘व’ हा ‘वेद’चा नाही, संधीचा आहे. याचे दोन साधे पुरावे रशियनमध्येच पडलेले आहेत. पहिला, रशियनमध्ये ‘मेदव्यानी’ असं एक विशेषण आहे, अर्थ मधाचा, मधाळ. पानांवर जो चिकट गोड थर साठतो त्याला ‘मेदव्यानाया रोसा’, मधाळ दव, म्हणतात. या शब्दात कुणी काही जाणत नाही, तरीही ‘व’ हजर आहे, कारण तोही मेदु + स्वर असाच झाला आहे. दुसरा पुरावा अधिक गमतीचा. ‘उ’ गळून गेल्यावर रशियनमध्ये समास करताना दोन शब्दांच्या मध्ये ‘ओ’ घालायची रीत पडली. त्या रीतीने पुढे ‘मध खाणारा’ असा शब्द पुन्हा नव्याने घडवला गेला: मेदोएद. हे हनी बॅजर नावाच्या बिज्जूसारख्या प्राण्याचं रशियन नाव आहे. एकाच भाषेत एकाच अर्थाचे, त्याच दोन तुकड्यांचे दोन शब्द. जुना संधी होऊन घट्ट झालेला आणि नवा ‘ओ’ने चिकटवलेला. नवा घडवावा लागला याचा अर्थ जुन्यातला ‘मध खाणारा’ लोकांना ऐकू येईनासा झाला होता.

(या मेदोएदाला आपल्याकडे काय म्हणतात? चांदी अस्वल. अस्वल काही पाठ सोडत नाही.)

मग मूळ नाव कुठे गेलं?

इथपर्यंतची गोष्ट व्याकरणाची झाली. आता खरं कोडं. ‘मध खाणारा’ हे काही नाव नव्हे, हे वर्णन आहे. ‘डोंगराचा राजा’ किंवा ‘काळ्या पाठीचा’ म्हणावं तसं. प्रत्येक प्राण्याला वर्णनाच्या आधी एक साधं, निरर्थक, जुनं नाव असतं. स्लाव्ह लोकांच्या पूर्वजांकडे ते नाव होतं का?

होतं, आणि ते आपल्याला माहीत आहे: ऋक्ष. रामायणातल्या जांबवानाला ऋक्षराज म्हणतात ते याच अर्थाने. ग्रीकमध्ये अस्वल म्हणजे ‘आर्क्टोस’, लॅटिनमध्ये ‘उर्सुस’, फारसीत ‘खिर्स’, वेल्शमध्ये ‘आर्थ’, आर्मेनियनमध्ये ‘आर्ज’. आजच्या तुर्कस्तानात साडेतीन हजार वर्षांपूर्वी मातीच्या विटांवर लिहिल्या गेलेल्या हित्ती भाषेतही ‘हार्ताग्गा’ असा शब्द सापडतो. हे सगळे एकाच शब्दाचे अवतार आहेत. आयर्लंड-वेल्सच्या टोकापासून पंजाबच्या नद्यांपर्यंत इतक्या दूरदूरच्या भाषांत जो शब्द टिकला, तो या सगळ्यांच्या मूळ भाषेत होता यात शंका उरत नाही.

हे नाव आकाशातही आहे. उत्तरेच्या ज्या सात ताऱ्यांना आपण सप्तर्षी म्हणतो त्यांना ग्रीक आर्क्टोस म्हणत, अस्वल. त्या अस्वलाखालचा प्रदेश तो आर्क्टिक. आणि अस्वलाच्या विरुद्ध बाजूचा तो अंटार्क्टिक. ऋग्वेदातही ‘अमी य ऋक्षा निहितास उच्चा नक्तं ददृश्रे’ असं येतं: उंचावर ठेवलेले हे ऋक्ष, जे रात्री दिसतात आणि दिवसा कुठेतरी निघून जातात. शतपथ ब्राह्मण तर सरळ सांगतं की सप्तर्षींना पूर्वी ऋक्ष म्हणत. आपले सात ऋषी तिथे नंतर येऊन बसले. त्यांच्या आधी त्या जागी अस्वल होतं.

स्लाव्ह भाषांत मात्र या नावाचा पत्ता नाही. एकाही स्लाव्ह भाषेत ते अस्वलाचं नाव म्हणून उरलेलं नाही. सर्व शाखांत ‘मध खाणारा’च आहे, म्हणजे ही बदली स्लाव्ह लोक सहाव्या-सातव्या शतकात युरोपभर पसरण्याच्या आधीच, सगळे एक भाषा बोलत असताना झाली. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर स्लाव्हांची सगळ्यात जवळची भाषाबहीण लिथुआनियन. तिच्यात अस्वलाला ‘लोकीस’ असं भलतंच नाव आहे. म्हणून ‘मध खाणारा’ हे नाव या दोन बहिणी वेगळ्या झाल्यावर पडलं असणार. कुणी नोंद ठेवलेली नसताना केवळ शब्द शेजारी ठेवून काळाच्या दोन कडा अशा पकडता येतात. जाता जाता, लिथुआनियनमध्ये अस्वलाच्या गुहेला ‘इर्श्तवा’ असा एक जुना शब्द आहे आणि त्यात ऋक्षाचा अंश असावा असं भाषातज्ज्ञ मानतात. घरमालक गेला, दारावरची पाटी राहिली.

दुकान ‘वाढवलं’, बांगडी ‘वाढवली’

चांगलं चालतं नाव लोक का टाकतात? १९०६ साली आंत्वान मेये या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने याचं उत्तर मांडलं. ते थोडक्यात असं: अस्वल हा उत्तर युरोपातल्या जंगलातला सगळ्यात मोठा, सगळ्यात धोक्याचा प्राणी. त्याचं नाव घेतलं तर तो ऐकतो आणि येतो, किंवा शिकारीला निघालेल्या माणसाची चाहूल त्याला लागते, अशी समजूत असली की नाव टाळलं जातं. मग आडून बोलायचं, ‘तो मध खाणारा’. पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या कानावर फक्त आडचं नाव पडतं आणि खरं नाव मरून जातं.

युरोपातल्या पुस्तकांत हे समजावताना बरीच पानं खर्ची पडतात. मराठी माणसाला एवढं सांगावं लागू नये. रात्री सापाला साप म्हणायचं नाही, ‘जनावर’ म्हणायचं किंवा ‘लांबडं’. दुकान बंद करायचं नसतं, ‘वाढवायचं’ असतं. बांगडी फुटत नाही, ‘वाढवते’. घरातून निघताना ‘जातो’ म्हणालात तर आजी थांबवून ‘येतो म्हण’ म्हणायची. ज्या रोगाने गावंच्या गावं उजाड केली त्याला आपण काय म्हणायचो? देवी. ‘देवी आल्या’. आज देवीच्या रोगाला मराठीत दुसरं सोपं नावच नाही, लसीकरण चालू होतं तेव्हा अगदी सरकारी कागदांवरही देवीच. आडचं नाव खऱ्या नावाची जागा कशी घेतं याचं इतकं चोख उदाहरण स्लाव्ह अस्वलाखेरीज मला दुसरं माहीत नाही.

आणि नवऱ्याचं नाव? ‘अहो’, ‘इकडून’, ‘आमचे हे’. ते तोंडावर यायचं फक्त उखाण्यात, आग्रह झाल्यावर, यमकाच्या आडून. तिथे भीती नव्हती, मर्यादा होती, पण यंत्रणा तीच. नाव आणि नाव असलेला, यांत अंतर नाही असं मानलं की नाव जपूनच उच्चारावं लागतं.

शेजारच्या जर्मानिक भाषांतही ऋक्ष हरवला आहे. इंग्रजी ‘बेअर’ आणि जर्मन ‘बेअर’ यांचा अर्थ ‘तपकिरी’ असावा असं बहुतेक मानतात. काहींच्या मते तो ‘रानटी जनावर’ अशा अर्थाच्या शब्दातून आला. कसंही असो, तेही वर्णनच. फिनिश भाषा तर संस्कृत, रशियन, जर्मन ज्या मोठ्या कुळातल्या, त्या कुळातलीही नाही, पण तिथे अस्वलाला ‘मेसिकाम्मेन’ म्हणतात, मधाच्या पंजाचा. त्यातला ‘मेसि’ म्हणजे मध हा शब्द फार प्राचीन काळी आपल्याच कुळातून उसना गेलेला, म्हणजे तोही मधुच. हंगेरियन लोकांनी मध आणि अस्वल असे दोन्ही शब्द बाहेरून घेतले: मधाला ‘मेझ’, तो त्या जुन्या उसनवारीतला, आणि अस्वलाला ‘मेद्वे’, तो स्लाव्ह शेजाऱ्यांकडून. एकच मधु दोन वेळा, दोन दारांनी आत आला.

आता थोडा हात आखडता घेतो. नाव वर्ज्य झाल्याची गोष्ट इतकी छान आहे की ती आंतरजालावर सिद्ध झालेलं सत्य म्हणून फिरते. ती सिद्ध झालेली नाही, ते एक चांगलं अनुमान आहे. त्या काळच्या कुणा स्लाव्ह शिकाऱ्याने लिहून ठेवलेलं काही नाही. लांडगाही तितकाच भीतीचा, कळपांवर रोजचा दरोडा घालणारा, पण त्याचं जुनं नाव स्लाव्ह भाषांत शाबूत आहे: रशियन ‘वोल्क’ आणि संस्कृत ‘वृक’ एकच. मग अस्वलाचंच का गेलं? मला पटणारं उत्तर असं की भीती एकटी पुरेशी नव्हती. अस्वल दोन पायांवर उभं राहतं, पावलाचा ठसा माणसासारखा उमटवतं, थंडीभर मेल्यासारखं झोपतं आणि वसंतात पुन्हा उठतं. त्याला नातेवाईक किंवा पूर्वज मानणारे लोक उत्तरेत अनेक होते. नातेवाइकाचं नाव टाळणं तर आपल्याला समजतंच. पण टोपणनाव निव्वळ लाडाने रूढ झालं असेल, ही शक्यताही मी खोडू शकत नाही.

याच गोष्टीला एक शेपूटही जोडलं जातं. रशियनमध्ये अस्वलाच्या गुहेला ‘बेर्लोगा’ म्हणतात. त्यातला ‘बेर’ म्हणजेच अस्वलाचं दडवून ठेवलेलं खरं नाव, जर्मन ‘बेअर’सारखं, असं सांगणारे बरेच भेटतात. ऐकायला रहस्यकथेसारखं वाटतं. पण हाच शब्द सर्बियन-क्रोएशियनमध्ये ‘बर्लोग’ असा आहे आणि तिथे तो डुकरांच्या गलिच्छ जागेलाही लावतात. पोलिशमध्ये ‘बार्वूग’ म्हणजे विस्कटलेलं गवताचं अंथरूण. शब्दाचा रोख घाणीकडे, अंथरुणाकडे आहे, अस्वलाकडे नाही. शिवाय ‘बेअर’ हे स्वतःच आडचं नाव. दडवलेलं नाव म्हणून दुसऱ्याचं टोपणनाव कोण दडवेल?

झाडावरचं मोहोळ, दारात टांगलेला ओंडका

अस्वल खरंच इतका मध खातं का? तपकिरी अस्वलाच्या पोटात मुख्यतः बोरांसारखी रानफळं, मुळं, गवत, किडे आणि मिळाले तर मासे जातात. मध हा सणाचा पदार्थ. पण नाव ठेवणारा माणूस अस्वलाच्या पोटाचा हिशेब करत नव्हता, त्याला दोघांची गाठ जिथे पडायची ती जागा दिसत होती.

ती जागा म्हणजे झाडावरचं मोहोळ. पूर्व युरोपात पेटीतल्या मधमाश्या येण्याच्या आधी शेकडो वर्षं मध जंगलातच पिकायचा. पाइन किंवा ओकच्या जिवंत झाडाच्या खोडात, जमिनीपासून बरंच उंच, पोकळी कोरायची आणि मधमाश्या येऊन बसण्याची वाट पाहायची. अशा झाडांवर मालकीच्या खुणा केलेल्या असत आणि दुसऱ्याच्या झाडातला मध काढणं हा मोठा गुन्हा होता. पोलंड आणि बेलारूसमध्ये ही परंपरा अजून टिकून आहे, आणि २०२० मध्ये युनेस्कोने तिला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

झाडावर चढून मध काढणारा माणूस आणि झाडावर चढून मध काढणारं अस्वल, दोघांचा धंदा एक. माणसाने अस्वलासाठी एक युक्ती केली. पोकळीच्या तोंडासमोर दोरीने एक जड ओंडका टांगायचा. अस्वल वर चढतं, ओंडका आड येतो म्हणून पंजाने बाजूला ढकलतं. ओंडका झोका घेऊन परत येतो आणि अंगावर आदळतो. अस्वल चिडून जास्त जोराने ढकलतं, ओंडका जास्त जोराने परत येतो. भांडण असं वाढत जातं आणि शेवटी अस्वल खाली. या सापळ्याचं पोलिश नाव ‘सामोबित्न्या’, म्हणजे स्वतःच स्वतःला मारून घेण्याचं यंत्र. ज्यांना हे रोज दिसत होतं त्यांना अस्वलाचं वर्णन ‘मध खाणारा’ याहून वेगळं सुचलं असतं तरच नवल.

आडनावाला पुन्हा आडनाव

नाव टाळायची सवय एकदा लागली की ती थांबत नाही. मेदवेद हे टोपणनाव रुळलं, त्याचंच मुख्य नाव झालं, आणि मग तेही घ्यायचं नाही असं झालं. रशियन शिकारी आणि खेडूत त्याला ‘खझ्याईन’ म्हणू लागले, म्हणजे मालक, घरधनी. ‘कसलापी’, वाकड्या पंजांचा. लोककथांत तो चक्क माणसासारखं नाव आणि वडिलांचं नाव लावतो: मिखाइल पोतापिच. मिखाइलचं लाडकं रूप मिशा, आणि त्यातून १९८०च्या मॉस्को ऑलिंपिकचा तो हसरा मिशा. विक्तोर चिझिकोव यांनी काढलेलं ते पिल्लू तेव्हाच्या अनेकांना टीव्हीमुळे किंवा पोस्टाच्या तिकिटांमुळे आठवत असेल. पोलिश मुलंही आपल्या टेडीला मिश म्हणतात. म्हणजे मध खाणाऱ्यालाही मागे ढकलून एक मिखाइलराव पुढे आले.

बल्गेरिया आणि मॅसेडोनियात रोजचा शब्द आहे ‘मेच्का’. तो मेदवेदचंच तोडून लाडावलेलं रूप असावा. बल्गेरियात ३० नोव्हेंबर, संत अँड्र्यूचा दिवस, हा मेच्किन्देन, अस्वलाचा दिवस. त्या दिवशी मका आणि धान्य उकडतात आणि थोडे दाणे धुराड्यातून वर फेकतात, अस्वलासाठी. वर्षभर त्याने शेताला आणि गुरांना हात लावू नये म्हणून हा त्याचा वाटा. आपल्याकडे रानातल्या वाघोबाच्या दगडासमोर नारळ फोडणाऱ्याला हे नीट कळेल.

पोलिश ‘न्ये’ आणि युक्रेनियन ‘वेद’ यांच्याबद्दलही काही अभ्यासक म्हणतात की नाव मुद्दाम वाकडं उच्चारायचं, म्हणजे ते नाव घेतल्यासारखं होत नाही. असेलही. पण म-न आणि आवाजांची अदलाबदल जिभेच्या आळसानेही होते. आपण नुकसानचं नुसकान करतो ते काही कुणाच्या भीतीने नाही.

आपलं अस्वल

ऋग्वेदात प्राणी म्हणून ऋक्ष आहे तो मरुतांच्या आवेशाला दिलेल्या उपमेत. पुढे संस्कृतातही त्याच्या जागेवर इतर शब्द बसत गेले. अमरकोशात अस्वलाची नावं एका दमात येतात: ‘ऋक्षाच्छभल्लभल्लूकाः’. ऋक्ष, अच्छभल्ल, भल्लूक. भल्लूकावरून हिंदी भालू. आणि मधल्या अच्छभल्लपर्यंत भाषेचे अभ्यासक मराठी ‘अस्वल’ मागे नेतात.

त्याचे दोन तुकडे पाहू. ‘अच्छ’ हे ऋक्षाचं प्राकृत रूप. पालीतही अस्वलाला अच्छच म्हणतात. प्राकृतातला ‘च्छ’ मराठीत ‘स’ होतो: मच्छचा मासा, वच्छचं वासरू, आणि अच्छचं ‘अस’. जुन्या मराठीत अस्वलाला ‘रीस’ असाही शब्द होता, तो ऋक्षाच्याच ‘रिच्छ’ या दुसऱ्या रूपातून, हिंदी रीछाचा भाऊ.

दुसरा तुकडा ‘भल्ल’. संस्कृत कोशांत भल्ल या शब्दाचे एकापाठोपाठ दोन अर्थ दिलेले असतात: शुभ, आणि अस्वल. आपला ‘भला’ या पहिल्या अर्थाचा. काही अभ्यासकांना वाटतं की हे दोन अर्थ वेगळे नाहीत. ज्याची भीती वाटते त्यालाच ‘भला’ म्हणायचं, जसं रोगाला देवी म्हणायचं. आयर्लंडमध्येही असंच झालेलं दिसतं: जुन्या आयरिशमध्ये ‘मथ’ म्हणजे चांगला, आणि अस्वलालाही ‘मथ’ म्हणत. मॅकमहोन हे आडनाव ‘अस्वलाचा पुत्र’ अशा अर्थाचं आहे, त्यातलं ‘महोन’ इथलंच.

हे धरून चाललं तर मराठी अस्वलात दोन्ही गोष्टी एकत्र आहेत. पुढच्या ‘अस’मध्ये ते जुनं नाव, जे स्लाव्ह लोकांनी तोंडातून कायमचं काढून टाकलं. मागच्या ‘वल’मध्ये ते टाळण्यासाठी केलेली गोडीगुलाबी. नाव घेतलंही आणि लगेच ‘भल्या गृहस्था’ म्हणून सारवासारवही केली.

विज्ञानाने मात्र कुणालाच घाबरायचं कारण नव्हतं. तपकिरी अस्वलाचं शास्त्रीय नाव उर्सुस आर्क्टोस, लॅटिन अस्वल आणि ग्रीक अस्वल, म्हणजे ऋक्ष-ऋक्ष. आपल्या जंगलातल्या अस्वलाचं नशीब आधी जरा वाईट होतं. १७९१ साली त्याचं वर्णन करणाऱ्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने लांब नखं पाहून त्याला दक्षिण अमेरिकेतल्या स्लॉथच्या गटात टाकलं. ती चूक सुधारताना त्याच्या वंशाला नवीन नाव मिळालं, मेलुर्सुस. लॅटिन ‘मेल’ म्हणजे मध. मध-अस्वल. त्या जुन्या काळच्या स्लाव्ह शिकाऱ्याला जे सुचलं तेच.

आपलं अस्वल वाळवी, मुंग्या आणि मध खातं, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी विदर्भाच्या जंगलात मोहफुलांसाठी येतं. पहाटे बायाबापड्या फुलं वेचायला जातात तेव्हा तेही त्याच झाडाखाली असतं आणि दरवर्षी त्यातून जखमी झाल्याच्या बातम्या येतात. मोह हा शब्द संस्कृत ‘मधूक’चा, आणि मधूक मधुचा. झाडाखाली वाकून फुलं चाखणाऱ्या त्या जनावराला रशियन माणसाने मेदवेद म्हटलं तर व्युत्पत्तीच्या हिशेबाने तो अजिबात चुकणार नाही.